अक्रोड वेचायचे दिवस

सोयाबीनची पानं पिवळी पडून गळायला लागली की आमच्या शिवाराचा रंग उतरतो. हळदीचं रान तेवढं कमरेइतकं हिरवंगार उभं असतं आणि त्याच्या शेजारी हे सोयाबीन उघडंबोडकं, नुसत्या काड्या आणि शेंगा. वारा आला की शेंगा खुळखुळतात. मग एक दिवस मळणीयंत्राची घरघर सुरू होते, भुसा उडतो, तुळशीपासून चहाच्या कपापर्यंत सगळ्यावर बारीक धूळ बसते आणि अख्खं गाव शिंकायला लागतं. माझा जन्म गेला या दिवसांत. या दिवसांत मला दुसरं काही आठवायचं कारण नाही. पण यंदा काय झालंय, बाहेर मळणीयंत्र सुरू झालं की माझ्या कानात भलताच आवाज येतो. पत्र्यावर अक्रोड पडल्याचा.

टप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्.

हसू नका. हट्ट्याहून आत वळल्यावर जे गाव लागतं तिथं माझं सारं आयुष्य गेलं. शाळेत शिकवलं, निवृत्त झाले, नवरा गेला, मुलगा लांब गेला, आणि मी आहे तिथंच आहे. अशा बाईनं फ्रान्सच्या आठवणीनं कासावीस व्हावं, हे सांगायला मलाच कसंसं वाटतं. त्यातून लोक विचारतात, तो उंच मनोरा पाहिला का? मी म्हणते, नाही बाबा, आम्ही खेड्यातून निघालो आणि खेड्यातच पोचलो. माझा मुलगा प्रसाद तिकडं कॉम्प्युटरच्या कामावर आहे. शहरात घर परवडेना म्हणून त्यानं आणि सूनबाईनं, मेघानं, तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात जुनं दगडी घर घेतलं. गेल्या वर्षी पोळा झाल्यावर मी गेले ती दिवाळी करूनच परतले. त्या गावाचं नाव मला आजही धड म्हणता येत नाही, म्हणून मी नुसतं ‘ते गाव’ म्हणते. आणि घरात ‘ते गाव’ म्हटलं की कोणतं गाव, हे आता सगळ्यांना कळतं.

पहिल्या दिवशी मला वाटलं, गावात कोणीतरी गेलंय. भर दुपारी गाडीतून उतरलो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. दगडी घरं एकमेकांना टेकून उभी, आणि झाडून सगळी दारं बंद. कुठं पोरं नाहीत, कुठं बायका धान्य निवडत बसलेल्या नाहीत, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. मी मेघाला हळूच विचारलं, “कोण गेलं गं?” ती हसायलाच लागली. म्हणाली, “कोणी नाही आई, जेवायची वेळ आहे.” दुपारी दोन तास तिथं सगळं बंद असतं. दुकान बंद, पोस्ट बंद, जीभ बंद. त्या वेळात कोणाच्या दारावर टकटक करणं म्हणजे मोठाच आगाऊपणा. मला हे माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी पटलं नसतं.

कारण आमच्याकडं दिवसा दार बंद दिसलं की त्याचे दोनच अर्थ निघतात. एक तर माणसं परगावी गेली, नाही तर घरात काही बरंवाईट झालं. एरवी दार उघडं. घरात कोणी नसलं तरी उघडं. दार उघडं आहे आणि हाक मारून ओ येत नाही, म्हणजे बाई कापूस वेचायला गेली, दिवस मावळताना येईल. तोवर कोणीही आत जावं, रांजणातलं पाणी प्यावं, नेलेला विळा जागच्या जागी ठेवावा, आणि निघावं. कडी लावायची ती रात्री, कुत्र्यामांजरांसाठी. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या सासरच्या घराला कुलूपच नव्हतं. तिकडं जायचं ठरलं तेव्हा मी जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून पहिल्यांदा कुलूप विकत आणलं. पितळेचं, चांगलं वजनदार. ते दाराला लावताना माझ्याच्यानं ते पटकन दाबलं गेलं नाही.

तर त्या गावात, आठवडाभर दम खाल्ल्यावर, मी एक दिवस दार उघडलं. प्रसाद आणि मेघा कामाला गेले होते. मी दोन्ही फळ्या सताड मोकळ्या केल्या, उंबऱ्यापाशी खुर्ची टाकली, वाटीभर लसूण सोलला आणि मग आत जाऊन वरणाला फोडणी दिली. इतक्या दिवसांनी घरात वारं खेळलं म्हणून मी खूश. फोडणीचा धूर खाली बसतो न बसतो तोच समोरच्या घरातली म्हातारी दारात उभी. तोंडावर काळजी. तिनं आत डोकावून इकडंतिकडं पाहिलं, माझ्या दंडाला हात लावून पाहिला. मी तिला बसवलं. तेवढ्यात पिवळ्या गाडीतून टपाल वाटणारी बाई उतरली. तीही आत डोकावली. मी तिलाही बसवलं. चहाचं आधण वाढवलं. चहा ओतते आहे तर चिखलाच्या बुटांचा एक धिप्पाड माणूस धापा टाकत आला. तो गावचा सरपंच, हे मला मागाहून कळलं. मला वाटलं, अरे वा, आपलं गाव ते आपलं गाव, दार उघडं दिसलं की माणसं येतातच. मी सगळ्यांना चहा दिला. ते एकमेकांकडं बघत प्याले.

तासाभरानं प्रसाद गाडी भरधाव हाणत आला. चेहरा पांढरा.

“आई! काय झालं?”

“काय व्हायचंय? बस, चहा घे.”

“अगं, दार का उघडं टाकलंस? सगळ्या गावाला वाटलं तू पडलीस, नाही तर चोर शिरला. सरपंचाचा फोन आला मला!”

तिथं दिवसा दार सताड उघडं दिसलं तर घरात काहीतरी विपरीत घडलंय असंच धरतात. आमच्याकडं बंद दाराला जी भीती, तिथं ती उघड्या दाराला. मी हसले, मग प्रसाद हसला, मग त्यानं त्यांच्या भाषेत त्या तिघांना समजावलं. सरपंच इतका हसला की चहा सांडला. समोरची म्हातारी मात्र हसली नाही. तिनं उघड्या दाराकडं बराच वेळ पाहिलं आणि प्रसादला काहीतरी विचारलं. तो म्हणाला, “ती विचारते, तुमच्याकडं मग माणसाला एकटं कधी राहता येतं?” मी म्हटलं, “सांग तिला, येत नाही.” तेव्हा ती हसली. तिचं नाव ओदेत.

त्या दिवसापासून ओदेत आणि मी. आम्हा दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या, आणि दोघी पुऱ्या वाक्यात बोलायचो. उगीच खाणाखुणा आणि तुटक शब्द असला मुकेपणा केला नाही. तीही माझ्यासारखी एकटी, माझ्यापेक्षा वयानं बरीच मोठी, पाठीत वाकलेली, आणि हट्टाला माझ्याहून काकणभर जास्तच. तिच्या घराच्या खिडक्यांना बाहेरून लाकडी फळ्या होत्या. कधी काळी निळ्या असाव्यात. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर समोर. सकाळी मी चहा ठेवला की त्या फळ्या करकरत उघडायच्या, ओदेतचा हात बाहेर यायचा, लोखंडी खिट्टी भिंतीला अडकवायचा, आणि मग तो हात माझ्याकडं बघून हलायचा. मी चिमटा हलवायची. झालं, दोघींचा दिवस सुरू. मेघानं मला सांगितलं, गावात सगळे असंच करतात. फळ्या उघडल्या म्हणजे माणूस उठलं, बरं आहे. उन्हं वर आली तरी उघडल्या नाहीत तर शेजारी जाऊन पाहतो.

तेव्हा मला त्या गावाचा चेहरा दिसला. दारं बंद होती, पण लक्ष होतं. फक्त ते मला दिसेल अशा जागी नव्हतं.

त्या गावाच्या अशा पुष्कळ गमती. देवळाची घंटा, म्हणजे त्यांच्या देवळाची, तास झाला की टोले द्यायची, आणि दोन मिनिटं थांबून तेच टोले पुन्हा द्यायची. मोजताना कोणाचा घोळ झाला असेल तर पुन्हा मोजा म्हणून. मी शाळामास्तरीण, मला हे फार आवडलं. पाढा चुकलेल्या पोरालाही मी असाच एक मोका द्यायची. चौकात एक दगडी खांब, त्यावर जुन्या लढायांत मेलेल्या गावच्या पोरांची नावं. गावात आज जेवढी माणसं राहतात त्याहून जास्त नावं त्या दगडावर असावीत असं मला वाटलं. शाळा होती, पण बंद पडलेली. दोन दारं, एकावर मुलांसाठी लिहिलेलं, दुसऱ्यावर मुलींसाठी, आणि दोन्हींतून आता कोणीच जात नाही. मी रोज फिरायला निघाले की त्या पायऱ्यांवर थोडं बसायची. माझ्याच शाळेतली पोरं आता पिवळ्या गाडीत बसून वसमतला इंग्रजी शाळेत जातात. वर्गात आवाज घुमतो. बसल्या बसल्या मला कळायचं नाही की मी कोणत्या गावाच्या शाळेसाठी हळहळतेय.

पाव घेऊन गाडी यायची आणि भोंगा वाजवायची. तो भोंगा ऐकून मी पहिल्यांदा धावत बाहेर गेले, कारण हुबेहूब आमच्या गारीगारवाल्याचा भोंगा. हातभर लांबीचे ते पाव लोक तसेच उघडे काखेत मारून नेतात. मला आधी शिसारी आली. ओदेत तर घरी पोचेपर्यंतही थांबायची नाही. पावाचं टोक मोडायची, अर्धं तोंडात टाकायची, अर्धं माझ्या हातावर ठेवायची. एवढी म्हातारी बाई रस्त्यानं खात चालतेय, ही मजा बघून मीही खात चालले. आमच्या गावात मी रस्त्यानं खात निघाले असते तर संध्याकाळपर्यंत शिवारभर झाली असती बाईंची बातमी.

आणि मग अक्रोड. ओदेतच्या घरामागं मोठं झाड होतं, त्याची एक फांदी आमच्या पत्र्याच्या शेडवर आलेली. सोयाबीन इथं जसं वाळून सांगतं की आता काढा, तसं अक्रोडाचं काही नाही. तो आपल्या मर्जीनं पडतो. हिरवं साल तडकतं, आणि टप्. ओदेत वेताची टोपली घेऊन वाकून वाकून वेचायची. पहिल्या दिवशी मी नुसती बघत होते, पण हात शिवशिवायला लागले. वेचणं म्हणजे आमचं काम. मी पदर कमरेला आवळला, पुढं त्याची झोळी केली, जशी कापूस वेचताना करतात, आणि तिच्या पुढं निघून गेले. ओदेत थांबून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या एप्रनचं खालचं टोक कमरेत खोचून तशीच झोळी केली आणि मला दाखवली. टोपली झाडाखाली पडून राहिली ती पुढं महिनाभर.

अक्रोडाच्या हिरव्या सालानं हात काळे होतात. साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही, महिनाभर तसेच राहतात. मी ओदेतला म्हटलं, तुझा हा काळा रंग, आता माझा पिवळा बघ, आणि पिशवीतून आमच्या शेतातली हळद काढली. तिनं चिमूटभर हुंगली, चाटली, आणि रात्रीच्या सूपमध्ये घातली म्हणे मूठभर. सकाळी तिच्या पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर पिवळाधमक डाग. तिनं घासला, उकळला, उन्हात टाकला. मी मराठीत सांगत होते, “बाई गं, नाही निघायचा, हळद आहे ती वसमतची.” शेवटी तिनं तो डाग वर येईल असा टेबलक्लॉथ अंथरला आणि मला त्यावरच जेवायला बसवलं. मी तिला वाटीतून शेव दिली, ती वाटी अक्रोड भरून परत आली. मी शंकरपाळे दिले, वाटी पुन्हा अक्रोडांनी भरून आली. रिकामी वाटी परत करायची नाही हे त्या गावातही कळतं, हे बघून मला घरच्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी घराची इतकी आठवण आली की डोळे भरून आले. तिथं असताना मी इथल्यासाठी रडले, आणि इथं आल्यावर तिथल्यासाठी. देवानं माणसाला दोन डोळे एवढ्यासाठीच दिलेत की काय, कोण जाणे.

दिवाळीच्या तोंडावर दुकानांत कुंड्याच कुंड्या आल्या, शेवंतीच्या. पिवळी, पांढरी, जांभळी, गच्च फुललेली शेवंती. मी हरखले. म्हटलं, कोण म्हणतं परदेशात सण कळत नाहीत? पिवळ्या शेवंतीची एक टपोरी कुंडी घेतली, पाडव्याच्या सकाळी नवी साडी नेसले, आणि ओदेतच्या दारात जाऊन ती तिच्या हातात दिली. तिचा चेहरा एकदम उतरला. कुंडी धरून ती तशीच उभी राहिली. मी घाबरले. मागून मेघा धावत आली, “अहो आई, इथं शेवंती फक्त थडग्यावर ठेवतात! पितरांचा दिवस आलाय त्यांचा.”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सणाच्या दिवशी जिवंत बाईच्या हातात मी थडग्याची फुलं दिली होती. पण ओदेतनं तोवर अंगात कोट घातला होता. तिनं कुंडी एका हातानं पोटाशी धरली, दुसऱ्या हातानं माझा हात धरला आणि आम्हाला घेऊन चालायला लागली. गावाबाहेर दगडी कुंपणात त्यांची स्मशानभूमी. शेवंतीनं नुसती फुललेली. तिथं एका साध्या दगडापाशी ती थांबली, कुंडी ठेवली, हातानं दगडावरची पानं झाडली आणि त्या दगडाशी बोलायला लागली. मेघा हळू आवाजात सांगत गेली, “ती नवऱ्याला सांगतेय की ही बाई तुझ्यासाठी फुलं घेऊन आली. तिच्याकडं आज सण आहे, म्हणून तुझ्याकडंही सण.”

मी काय करणार? पाडवा होता. पाडव्याला मी नवऱ्याला ओवाळायची. तो जाऊन सहा वर्षं झाली, राख पूर्णेत सोडली, आणि पूर्णा पुढं निघून गेली. त्याच्यासाठी जाऊन बसावं, झाडलोट करावी, चार शब्द बोलावेत अशी जागाच मला नाही. मला त्या दिवशी ओदेतचा फार हेवा वाटला. तिला बहुधा ते कळलं. तिनं त्या दगडाच्या कडेला सरकून मला जागा करून दिली. मी तिथं बसले आणि परक्या माणसाच्या थडग्यापाशी माझ्या माणसाशी बोलले. मेघानं ते तिला सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

परत येताना ओदेत मेघाशी बोलत होती. तिची लेक त्याच आठवड्यात शहरातून आली होती. म्हणत होती, आता हे घर बंद करा, तालुक्याच्या गावाला वृद्धांसाठी चांगली जागा आहे, गरम पाणी, डॉक्टर, सगळं आहे. लेक वाईट नव्हती, माझा प्रसादही वाईट नाही. तोही रोज जेवताना तेच म्हणत होता. “आई, तिकडचं घर बंद कर आणि इथंच राहा.” दोन घरं, रस्त्याच्या दोन बाजूंना बसलेल्या दोन बाया, आणि दोघींच्या लेकरांच्या तोंडी एकच वाक्य. मेघानं हे मला सांगितलं तेव्हा ओदेत माझ्याकडं बघत होती. मी मान हलवली. तिनंही हलवली. निघायच्या दिवशी तिनं तिच्या खिडकीच्या फळ्यांकडं बोट दाखवलं, मग झाडाकडं, मग माझ्याकडं. मेघानं सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, “येईन. अक्रोड पडायला लागले की येईन.”

आणि मी इथं आले. कुलूप काढलं. समोरच्या घरातली रजियाआपा रस्त्यातच उभी होती. तिचे लोक पिढ्यान्‌पिढ्या गाद्या भरणारे, आता मुलं हट्ट्याला दुकान चालवतात. ती आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आलो. मला वाटलं, गळ्यात पडेल. ती भांडायलाच लागली.

“काय वो बाई, जायचं तर जायचं, पन असं कुलूप घालून जात्यात का? रोज सकाळी दार उघडलं की समोर तुमचं बंद दार. मला बराबर वाटंना. जेवन गोड लागंना. लई तकलीफ दिली तुमी.”

तिचं खरं होतं. गल्लीत आता आम्हा दोघींचीच दारं उघडी असतात. बाकीची घरं सिमेंटची झाली, लोखंडी फाटकं लागली, माणसं पुण्याला गेली. महालक्ष्म्यांच्या सणाला येतात, दोन दिवस दिवे लागतात, की पुन्हा कुलूप. आमचं गावही हळूहळू त्या गावासारखं व्हायला लागलंय, फक्त फळ्या उघडून हात हलवायची रीत मात्र आमच्याकडं नाही. माझंही दार बंद झालं तर रजियाआपाच्या समोर राहील काय, तर गंजलेल्या कड्यांची एक ओळ.

यंदा सोयाबीन पिवळं पडायला लागलं तसा प्रसादचा फोन रोज यायला लागला. व्हिसा अजून चालू आहे, तिकीट काढतो, पुढचं कागदपत्राचं मी बघतो, एकदाचं घर बंद कर आणि ये. गुडघे दुखतात, हे त्याला माहीत आहे. मागच्या पावसाळ्यात मी ताप घेऊन दोन दिवस पडून होते, हे त्याला रजियाआपानं सांगितलं. त्याला रात्री झोप लागत नाही, असं मेघा म्हणते. मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू? आणि हो तरी कशी म्हणू? मला ते गाव हवंय. सकाळी चहा ठेवला की माझा हात आपसूक चिमटा उचलून समोर हलवायला जातो, आणि समोर रजियाआपा असते, ती म्हणते, “माशा हाकलून राहिल्या का वो?” मला ते गाव हवंय, पण या दाराला कायमचं कुलूप लावून नको. एवढीच गोष्ट आहे, आणि ती फोनवर सांगता येत नाही.

परवा मेघानं व्हिडिओ कॉल केला. आपल्याकडं उन्हं चढलेली, तिथं नुकतं उजाडत होतं. अंगणात रजियाआपा माझ्याबरोबर सोयाबीन पाखडत बसली होती. मेघा म्हणाली, “आई, एक सांगायचं राहून जातंय. ओदेतआजी गेल्या महिन्यात पडली. हाड मोडलं नाही, पण लेकीनं तिला त्या वृद्धांच्या घरात नेलं.” माझ्या हातातलं सूप खाली आलं. मी म्हटलं, “मग तिचं घर?” मेघा फोन घेऊन खिडकीपाशी गेली आणि फोन समोर धरला.

ओदेतच्या खिडकीच्या फळ्या उघड्या होत्या. दोन्ही. खिट्टीला अडकवलेल्या.

“आली का परत?” मी विचारलं.

“नाही आई. किल्ली माझ्याकडं दिलीय तिनं. जाताना म्हणाली, घराला दिवसा झोपू द्यायचं नाही. मी रोज सकाळी जाऊन उघडते, संध्याकाळी लावून येते. रविवारी तिला भेटायला गेले की पहिला प्रश्न तोच, उघडल्या का? आणि दुसरा, इंदूबाई कधी येणार? अक्रोड खाली पडून कुजायला लागलेत. तिला म्हटलं मी वेचते, तर म्हणाली, तुला नाही जमायचं, तिला पदर आहे.”

मेघाच्या मागं शेडवर आवाज झाला, टप्, तो फोनमधूनही स्पष्ट ऐकू आला. रजियाआपानं पाखडणं थांबवलं होतं. तिला सगळं कळलं नसेल, पण फोनमधली ती उघडी खिडकी तिनं पाहिली होती आणि किल्ली हा शब्द ऐकला होता. फोन बंद झाल्यावर ती म्हणाली, “म्हातारीनं अक्कल वापरली. तुमी काहून एवढा जीव जाळून राहिल्या? जाऊन या. त्या म्हातारीचं झाड तुमच्यावाचून अडून राहिलं. किल्ली मला द्या.”

“अगं, प्रसाद कायमचं म्हणतोय.”

“म्हणू द्या. लेकरू हाय, म्हननारच. दार उघडं हाय म्हनल्यावर मानूस वापस येतंयच की.”

संध्याकाळी मी प्रसादला फोन केला. म्हटलं, ये म्हणतोस तर येते, पण अक्रोड वेचून होईपर्यंतच. दर वर्षी त्या दिवसांत येईन, जमेल तोवर. घर बंद करणार नाही. तो म्हणाला, “गुडघ्यांची गोळी घेऊन ये.” एवढंच म्हणाला, पण त्याचा आवाज हलका झाला होता.

आता माझी बॅग भरलेली आहे. शेव केली, हळद घेतली, ओदेतसाठी वेगळी पुडी. सोयाबीनचं काय ते रजियाआपाचा मोठा बघेल. निघायच्या आधी मी ते पितळेचं कुलूप काढून किल्लीसकट रजियाआपाच्या हातावर ठेवलं. तिनं किल्ली कमरेला खोचली आणि कुलपाकडं बघून नाक मुरडलं.

“रात्री लावीन बापा, तुमच्या समाधानासाठी. सकाळी नमाज झाली की उघडीन. चार बादल्या पानी मारीन दारात. पन एक सांगून जा. दार उघडं दिसल्यावर लोकं हाका मारतील. बाई कुठं गेल्या म्हनून पुसतील. काय सांगू मी?”

मी उंबऱ्यातून खाली उतरले. दार मागं सताड उघडं होतं.

“काय सांगायचं? सांग, वेचायला गेल्या.”